वाजवायला जागाच उरली नाही, तेव्हा

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र चांगले चार पानी आहे आणि त्यातील दीड पान निव्वळ हिशेबाचे आहे. कलावंताच्या पत्रात हिशेब क्वचितच सापडतो, त्यामुळे ते वाचताना बरे वाटले. इतर वाचकांसाठी सारांश असा: तुम्ही गिटार वाजवता आणि गाता, ड्रम्स आणि बास गिटार वाजवणारे दोन साथीदार ११ वर्षे तुमच्यासोबत आहेत. तुमच्या शहरात लाइव्ह संगीत ठेवणारी पाच ठिकाणे होती. त्यांतील दोन बंद पडली, तिसऱ्याने डीजे ठेवला, चौथ्याने मंचाच्या जागी सामने दाखवणारे मोठे पडदे बसवले, आणि पाचव्याकडे संगीतासाठी महिन्यातून एकच संध्याकाळ उरली असून तिच्यासाठी नऊ बँड रांगेत उभे आहेत. तीन वर्षांपूर्वी तुमचे ६२ कार्यक्रम झाले, गेल्या वर्षी ९. बासवादक आपला अ‍ॅम्प, म्हणजे वाद्याचा आवाज मोठा करणारे यंत्र, विकायला निघाला आहे. तुमचा प्रश्न असा, की लोकांना समोर बसून वाजवलेले संगीत नकोसे झाले आहे का, काही काळ फुकट वाजवावे का, समारंभात वाजवणाऱ्या एखाद्या बँडमध्ये शिरावे का, आणि यांतले काहीच जमत नसेल तर मोठ्या शहरात बिऱ्हाड हलवावे का.

तुमच्याच आकड्यांपासून सुरुवात करतो. त्या ६२ कार्यक्रमांपैकी ५४ याच पाच ठिकाणी झाले, असे तुम्ही लिहिले आहे. उरलेल्या आठांत एका वाचनालयाचा वर्धापनदिन होता, दोन कंपन्यांचे स्नेहमेळावे होते, एका चित्रप्रदर्शनाचे उद्घाटन होते आणि चार ओळखीपाळखीतले होते. गेल्या वर्षीच्या नऊ कार्यक्रमांतले सात पुन्हा याच जातीचे आहेत. म्हणजे पाच ठिकाणांचा आकडा ५४ वरून २ वर आला आणि बाकीचा ८ वरून ७ वर. तुम्ही हे दोन आकडे एकाखाली एक मांडले नाहीत, म्हणून तुम्हाला ते दिसले नाही. आटली आहे ती एका प्रकारची जागा. जिथे लोक दुसऱ्याच कशासाठी तरी जमतात आणि तिथे तुम्हाला कोणीतरी बोलावते, तो झरा होता तेवढा आहे, आणि मुख्य म्हणजे तुम्ही त्याच्यासाठी आजवर काहीही केलेले नाही. ते आठ आणि हे सात, सगळे आपणहून चालत आले होते.

खाण्यापिण्याच्या ठिकाणाचा मालक काय हिशेब करतो, हे आपण वादक मंडळी सहसा समजून घेत नाही. मी स्वतः वीसेक वर्षे कीबोर्ड वाजवत हिंडलो आणि अशा मालकांवर मनात पुष्कळ चिडलो. एकाने एकदा मला जवळ बसवून गल्ल्याची वही दाखवली. आमच्या कार्यक्रमाच्या दिवशी साडेनऊपर्यंत गल्ला नेहमीपेक्षा जास्त होता आणि त्यानंतर नेहमीपेक्षा कमी. कारण साधे होते: गाणे रंगले की माणूस काही मागवत नाही, टेबलही सोडत नाही. आम्ही जितके चांगले वाजवत होतो तितका त्याचा तोटा होत होता. वर आमचे मानधन, साउंडवाल्याचे पैसे, मंचासाठी काढलेली दोन टेबले आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी होत्याच. मोठा पडदा एकदाच विकत घ्यावा लागतो, तो उशिरा येत नाही आणि त्याला साउंडचेक लागत नाही. तेव्हा त्या चौथ्या मालकाला संगीताची चाड नाही असे धरून चालू नका. त्याने बेरीज-वजाबाकी केली, एवढेच. १९२७ नंतर बोलपट आले तेव्हा मूकपटांना साथ करणाऱ्या हजारो वादकांचे काम अशाच बेरजेपायी गेले, आणि अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने ‘डब्यातल्या’, म्हणजे ध्वनिमुद्रित, संगीताविरुद्ध वर्तमानपत्रांत जाहिराती देऊनही चित्रपटगृहांनी वाद्यवृंद परत ठेवले नाहीत. गेलेल्या मालकांना पुन्हा पटवण्यात एकही संध्याकाळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

फुकट वाजवण्याबद्दल एकच नियम सांगतो. त्या संध्याकाळी खुर्च्या लावणारा, दिवे सांभाळणारा आणि दारावर उभा राहणारा यांना पैसे मिळत असतील, तर तुम्हालाही मिळाले पाहिजेत. सगळेच जण पदरमोड करून आले असतील तर तुम्हीही खुशाल फुकट वाजवा आणि त्या दिवशी मानधनाचा विषय मनातही आणू नका. मालकाला गल्ला मिळवून देण्यासाठी ‘जाहिरात होईल’ या आशेवर वाजवलेले कार्यक्रम तुमच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या आठ बँडचा भाव पाडतात आणि पुढच्या खेपेला तुमचाही.

आता कामाच्या गोष्टीकडे येतो. एक वही घ्या आणि तुमच्या शहरात व आसपास तासाभराच्या अंतरावर गेल्या वर्षभरात कोणी कोणी, कोणत्याही कारणाने, तीसपेक्षा जास्त माणसे एका जागी बसवली, त्यांची नावे लिहून काढा. वाचनालये, संग्रहालये, कलादालने, ज्येष्ठ नागरिकांची निवासस्थाने, शाळांचे माजी विद्यार्थी, मोठ्या सोसायट्या, पुस्तकांची दुकाने, निसर्गभ्रमण करणारे गट, रुग्णालयांचे मदतनिधी, कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग, छोटी नाट्यगृहे, सार्वजनिक बागांची देखभाल पाहणारी खाती. चाळीस नावे होईपर्यंत थांबू नका. प्रत्येक नावापुढे संस्थेचा पत्ता लिहून भागत नाही. तिथे कार्यक्रम ठरवतो कोण, त्या माणसाचे नाव हवे. हे नाव मिळवण्याचा सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे त्यांच्या एखाद्या कार्यक्रमाला श्रोता म्हणून जाणे आणि शेवटी खुर्च्या उचलताना जो सर्वांत दमलेला दिसतो त्याला मदत करणे. कार्यक्रम ठरवणारा माणूस बहुधा तोच असतो.

या माणसाला संगीताची आवड असेलही, पण त्याला त्याहून अधिक भीती असते. आवाज फार होईल, कोणीतरी तक्रार करील, वायरींत पाय अडकून कोणी पडेल, कार्यक्रम लांबेल आणि रखवालदाराला थांबवून ठेवावे लागेल, अशी ती भीती असते. आम्ही पहिल्यांदा एका वाचनालयाच्या वाचनकक्षात वाजवायला गेलो, तेव्हा सामानाचे चौदा नग आत नेत असताना ग्रंथपालबाईंनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरलेलो नाही. त्यांनी आम्ही काय वाजवणार हे विचारलेच नाही. ‘किती वाजता संपेल?’ एवढेच विचारले, आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच विचारले. आम्ही ठरलेल्या वेळेच्या चार मिनिटे आधी थांबलो, वायरी गुंडाळल्या, टेबले जमिनीवरच्या जुन्या खुणांवर परत नेऊन ठेवली. पुढच्या महिन्यात त्यांचा फोन आला आणि त्यानंतर शेजारच्या दोन वाचनालयांचे आले. आमच्या वादनाबद्दल त्या तिघींपैकी कोणी एक अक्षर बोलल्याचे मला आठवत नाही. त्या एकमेकींना एवढेच सांगत असाव्यात, की ही माणसे त्रास देत नाहीत. गेल्या वर्षी तुमचे जे सात कार्यक्रम झाले तिथे तुम्ही जाताना जागा कशी सोडली होती, हे आठवून पाहा.

तिघांच्या बँडला अशा जागी बसवायचे तर आवाजाचा विचार आधी करावा लागतो, आणि यात ड्रम्सचा प्रश्न मोठा आहे. दोन माणसांचे साधे बोलणे मीटरभर अंतरावर सुमारे ६० डेसिबल असते. काठ्यांनी वाजवलेला ड्रमसेट वादकाच्या कानापाशी १०० डेसिबल सहज ओलांडतो. आवाज १० डेसिबलने वाढला की कानाला तो साधारण दुप्पट वाटतो, हे लक्षात घेतले म्हणजे पुस्तकांच्या कपाटांमध्ये बसलेल्या श्रोत्याचे काय होते ते समजेल. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केले की आवाज ६ डेसिबलने उतरतो, बंद खोलीत तेवढीही सूट मिळत नाही, कारण भिंती तो परत पाठवतात. म्हणून तुमच्या ड्रमवादकाने ब्रशने वाजवण्याचा किंवा काहोनवर (ज्यावर बसून हाताने वाजवतात अशा लाकडी पेटीवर) भागवण्याचा स्वतंत्र सराव करायला हवा. ‘हळू वाजव’ एवढ्या सूचनेने हे साधत नाही. हळू वाजवताना लय सैल पडते आणि गाणे बसते, त्यामुळे तीच गाणी नव्याने बसवावी लागतात. साध्या ध्वनिमापकाने तालमीतच मोजून बघा, आणि ‘आमचा आवाज पहिल्या रांगेत ८० च्या आसपास राहतो’ असे आयोजकाला आकड्यानिशी सांगा. मोठ्या मंचासाठीसुद्धा जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सुचवलेली वरची मर्यादा १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल आहे. ८० च्या या एका आकड्याने आयोजकाची अर्धी भीती जाते, असा माझा अनुभव आहे.

याखेरीज तुमच्याच बँडची तीन रूपे तयार ठेवा: तिघांचे पूर्ण, दोघांचे आणि तुमचे एकट्याचे. साथीदारांना हे आधी रुचणार नाही, आणि कोणता कार्यक्रम कोणी घ्यायचा व त्याचे पैसे कसे वाटायचे हे आधीच ठरवले नाही तर अकरा वर्षांची मैत्री यावरूनच तुटेल, हेही सांगून ठेवतो. आम्ही असे ठरवले होते, की ज्याने काम आणले त्याला मानधनाचा दहावा भाग जास्त, मग तो त्या दिवशी वाजवो वा न वाजवो. यामुळे घरी बसलेला माणूसही फोन करत राहिला.

घरगुती बैठकीबद्दल तुम्ही पत्रात एका ओळीत लिहिले आहे आणि ‘तो काही खरा कार्यक्रम नव्हे’ अशी पुस्ती जोडली आहे. पैसे घेऊन केलेल्या सुरुवातीच्या सार्वजनिक मैफलींपैकी काही घरातच झाल्या. लंडनमध्ये जॉन बॅनिस्टर हा व्हायोलिनवादक दरबारी वाद्यवृंदातले प्रमुखपद गेल्यानंतर १६७२ मध्ये स्वतःच्या घरी रोज दुपारी चार वाजता पैसे घेऊन मैफली करू लागला. त्याच शहरात १६७८ पासून थॉमस ब्रिटन नावाचा कोळसाविक्या आपल्या कोळशाच्या वखारीवरच्या ठेंगण्या माळ्यावर दर गुरुवारी मैफल भरवत असे. बाहेरच्या अरुंद जिन्याने चढून सरदार-उमराव तिथे येत, आणि हे १७१४ मध्ये तो मरेपर्यंत चालू होते. मोत्सार्टने १७८४ मध्ये व्हिएन्नातल्या एका इमारतीच्या दालनात तीन मैफली केल्या, त्यासाठी स्वतः सुमारे पावणेदोनशे वर्गणीदार जमवले आणि त्यांच्या नावांची यादी पत्रातून वडिलांना पाठवली. अमक्या दोघा वादकांचे मिळून जितके वर्गणीदार आहेत त्यापेक्षा माझे तीस जास्त, हेही त्यात लिहायला तो विसरला नाही. तेव्हा बैठकीला कमी लेखू नका.

बैठक नीट व्हायची तर यजमान तुमचा चाहता असण्यापेक्षा लोकांना बोलावण्याची हौस असलेला हवा. पंचवीस ते चाळीस माणसे, चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन भाग, मध्ये वीस मिनिटे गप्पा, आणि शेजाऱ्यांना दोन दिवस आधी सूचना, एवढ्यावर काम भागते. साउंड बहुतेक वेळा लागतच नाही. पैशांची गोष्ट मात्र निमंत्रणातच स्पष्ट लिहिलेली असावी: माणशी इतकी वर्गणी, ती पूर्ण कलावंतांना. शेवटी टोपी फिरवणे किंवा ‘ज्याला जे वाटेल ते’ हे ऐकायला छान वाटते, पण त्यात यजमानही संकोचतो आणि पाहुणेही. वर्गणी घेणारा तुमच्यातला नसावा. यजमानाच्या घरातल्या चुणचुणीत मुलीला किंवा मुलाला दाराशी बसवा, त्या वयाच्या मुलांपुढून कोणी पैसे न देता आत जात नाही. आणि एक वही ठेवा, जिच्यात येणारा प्रत्येक जण नाव व संपर्क लिहील. पुढची बैठक कोणाच्या घरी, याचे उत्तर बहुधा त्याच वहीत असते. तीस माणसांच्या बैठकीतून दोन नवे यजमान मिळाले, तर वर्षभरात ती साखळी किती लांबते ते तुम्हीच मोजा. तुम्हाला हिशेबाची आवड आहेच.

नियमांचे पथ्य मात्र पाळा. तिकीट लावून केलेला कार्यक्रम, खासगी घरातली वर्गणी आणि सार्वजनिक जागेतले वादन यांना परवान्याचे नियम जागोजागी वेगळे असतात, आणि ते लाइव्ह संगीताची अक्षरशः संख्या ठरवतात. न्यूयॉर्कमध्ये १९८० च्या दशकापर्यंत पुष्कळ छोट्या जागांना तीनपेक्षा अधिक वादक ठेवता येत नसत आणि त्या तिघांतही ड्रम्स किंवा फुंकून वाजवायचे वाद्य चालत नसे, म्हणजे तुमचा बँड तिथे बसलाच नसता. न्यायालयात जाऊन वादकांनी ती बंधने उठवून घेतली. उलट इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२ च्या कायद्याने छोट्या जागांना ठरावीक वेळेत परवान्याची कटकट कमी करून दिली. तुमच्याकडे काय आहे ते स्थानिक प्रशासनाच्या कार्यालयात एकदा जाऊन विचारा. इतरांची गाणी वाजवत असाल तर त्यांच्या हक्कांचा परवाना साधारणपणे जागेने किंवा आयोजकाने घ्यायचा असतो, हेही आधी बोलून घ्यावे. आणि स्वतःची गाणी वाजवत असाल तर गाण्यांच्या हक्काचे पैसे वसूल करून देणाऱ्या तुमच्या देशातील संस्थेचे सभासद होऊन वाजवलेल्या गाण्यांची यादी त्यांच्या नियमांनुसार कळवत राहा. रक्कम किरकोळ असते, पण ती तुमचीच असते.

त्या नऊ बँडच्या रांगेकडे वळतो, कारण तुमच्या पत्रात सर्वांत कडवट सूर तिथे लागला आहे. ते तुमचे प्रतिस्पर्धी आहेत असे तुम्ही गृहीत धरले आहे. त्यांच्यातल्या तिघांना चहाला बोलवा आणि पाचव्या मालकाकडे सगळ्यांनी मिळून जा. महिन्याच्या त्या एका संध्याकाळसाठी भांडण्याऐवजी त्याचा आठवड्यातला सर्वांत मंद वार मागा, आणि त्या वारी आठवड्याआड कार्यक्रम करू, माणसे आम्ही आणू, साउंडचा एकच संच सगळे वापरू, नऊला सुरू करून अकराच्या आत संपवू, तुम्ही मानधन देऊ नका, दारावरची वर्गणी आमची आणि टेबलावरचा गल्ला तुमचा, असे सांगा. वर फुकट वाजवू नका म्हणालो आणि इथे मानधन सोडायला सांगतो, यात तुम्हाला विसंगती दिसेल. फरक असा, की इथे दार तुमच्या हातात आहे. किती आले ते तुम्ही मोजता आणि ते कोणामुळे आले हे तुम्हाला माहीत असते. तीन महिने हे चालवून पाहा. माणसे जमलीच नाहीत, तर तेही मुकाट्याने मान्य करून बंद करा. मोडक्या गाडीला धक्का मारत राहण्यात वर्षे जातात, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो.

याच मंडळींचा आणखी एक उपयोग आहे. तुमच्या शहरापासून दोन-तीन तासांवरच्या एखाद्या बँडशी अदलाबदल करा: ते तुमच्या संध्याकाळी येतील, तुम्ही त्यांच्या. अनोळखी शहरात तुम्हाला कोणी ओळखत नाही, पण त्यांना ओळखतात, आणि उलटही तेच. राहण्याची सोय एकमेकांच्या घरी.

बाहेरगावच्या कार्यक्रमाला हो म्हणण्याआधी तास मोजा. जाण्याचे तीन तास, सामान लावणे आणि साउंडचेक दीड तास, वादन दोन तास, आवरणे एक तास, परतीचे तीन तास. माणशी साडेदहा तास आणि तिघांचे मिळून साडेएकतीस. मानधनातून प्रवासखर्च वजा करून उरलेल्या रकमेला साडेएकतीसने भागले की जे उत्तर येते ते पाहून घरी कोणाला सांगू नये असेच वाटते. परंतु त्याच भागात दुसऱ्या दिवशी सकाळी एखादी शाळा किंवा वाचनालय गाठता आले तर जादा तास चार-पाचच लागतात. म्हणून आधी एक बऱ्या मानधनाची तारीख पक्की करा आणि मग त्या वाटेवरच्या चाळीस-पन्नास किलोमीटरच्या टप्प्यातल्या संस्थांना ‘आम्ही अमक्या तारखेला तुमच्याच भागात आहोत’ असे कळवा. हे वाक्य फार उपयोगी पडते. समोरच्याला आपण कोणाला दुरून मुद्दाम बोलावत आहोत असे वाटत नाही आणि निर्णय घेणे सोपे जाते. एकाच गावात मात्र सहा-आठ आठवड्यांच्या आत पुन्हा जाऊ नका. तेच श्रोते इतक्यात पुन्हा बाहेर पडत नाहीत.

तुम्ही पाठवत असलेल्या संदेशाची प्रत पत्रासोबत जोडली आहे, ती वाचली. तीत बँडचा इतिहास, तिघांची शिक्षणे, नऊ गाण्यांचे दुवे आणि ‘संधी दिल्यास आभारी राहू’ असे सारे आहे. आयोजकाला काय हवे ते मात्र नाही. माझ्या हाताने लिहिला असता तर तो असा झाला असता: ‘नमस्कार. तुमच्या वाचनालयातील लेखकभेटीच्या कार्यक्रमाला मी दोनदा आलो आहे. आम्ही तिघे ७० मिनिटांचा गाण्यांचा कार्यक्रम करतो. आवाज इतकाच असतो की शेजारच्याशी जवळ झुकून बोलता यावे. साउंडचे सामान आमचेच आहे. तुमच्याकडून विजेची दोन सॉकेट्स आणि बारा फूट बाय आठ फूट मोकळी जागा लागेल. आम्ही दीड तास आधी येऊ आणि संपल्यावर अर्ध्या तासात जागा होती तशी करून देऊ. दीड मिनिटाची चित्रफीत सोबत आहे. पुढील दोन महिन्यांतले दोन शनिवार आम्हाला मोकळे आहेत, त्यांपैकी एखादा तुम्हाला सोयीचा आहे का?’ बस्स. चित्रफीत स्टुडिओतली नको. खऱ्या कार्यक्रमातली, श्रोत्यांची डोकी आणि टाळ्या दिसणारी हवी, आणि गाणे पहिल्या दहा सेकंदांत सुरू झाले पाहिजे. लहान संस्थांना सहा ते आठ आठवडे आधी लिहा. महोत्सवांची आखणी बहुधा सहा महिने ते वर्षभर आधी होते, तेव्हा यंदाचा महोत्सव पाहून पुढल्यासाठी लगेच अर्ज करा. उत्तर आले नाही तर दहा दिवसांनी एक फोन करा, आणि नंतर सहा महिने त्या माणसाला त्रास देऊ नका. चाळीसांपैकी पाच-सहा जणांनी होकार दिला तरी माझ्या मते उत्तम झाले.

होकार आला की ठरलेले सर्व लेखी पाठवा: तारीख, वेळ, मानधन, ते कोणत्या दिवशी मिळणार, कार्यक्रम रद्द झाल्यास काय. तिकिटातला वाटा ठरत असेल तर तो एकूण रकमेवर की खर्च वजा जाता, हे विचारायला लाजू नका. मी एकदा लाजलो होतो, आणि रात्री बारा वाजता खर्चाच्या यादीत फुलांच्या सजावटीपासून मालकाच्या पाहुण्यांच्या जेवणापर्यंत सारे वजा झालेले पाहिले होते.

आता उरलेले दोन प्रश्न. समारंभाच्या बँडमध्ये जाण्यात कमीपणा काहीच नाही. तिथे वेळेवर येणे, न ऐकलेले गाणे दोन दिवसांत बसवणे आणि कोणी ऐकत नसतानाही नीट वाजवणे, हे शिकायला मिळते. फक्त महिन्याचे सगळेच शनिवार त्यांना देऊन बसू नका, नाहीतर वर लिहिलेले काहीही करायला तुमच्यापाशी तारीखच उरणार नाही. महिन्यातले दोन शनिवार स्वतःकडे ठेवा.

शहर बदलण्याबद्दल माझा सल्ला तूर्त नको असा आहे. मोठ्या शहरात जागा जास्त, पण रांगाही तितक्याच लांब, आणि तिथे तुम्हाला फोन करणारे ते सात आयोजकही नसतील. जायचेच मन असेल तर आधी सहा महिने महिन्यातून एकदा तिथे जाऊन वाजवा, इतरांचे कार्यक्रम ऐका, तिथल्या दोन बँडमध्ये बदली वादक म्हणून उभे राहा. सहाव्या महिन्यात तिथून तुम्हाला आपणहून फोन येऊ लागले, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा वेगळे उत्तर देईन.

आणि बासवादकाचा अ‍ॅम्प. तुम्ही त्याचे मॉडेल लिहिले आहे, त्यावरून तो मोठ्या मंचासाठीचा, दोघांनी उचलायचा दिसतो. तो त्याला खुशाल विकू द्या. वाचनालयाच्या जिन्यावरून तो वर नेताना तुमच्यातल्या एकाची पाठ जाईल. आलेल्या पैशांतून एक डीआय बॉक्स घ्यायला सांगा. त्याने बासचा सिग्नल लांब वायरीतूनही खरखर न होता थेट मिक्सरमध्ये जातो. उरलेल्या पैशांत मांडीवर मावेल असा एक लहान अ‍ॅम्प येईल, तेवढा घरगुती बैठकीला पुरतो. फक्त विकण्याआधी त्याच्याकडून येत्या तीन महिन्यांतल्या मोकळ्या तारखा लिहून घ्या, म्हणजे चाळीस संदेशांत काय लिहायचे ते ठरेल.